जेचा खाता, तेच्या नावार

आमचे दादा माडाखालून जाताना डोक्यावर पितळी पातेली धरतात. पोस्टात जातानाही. रस्त्यावरची माणसं हसतात. "हसा! नारळ काय माणूस बघून पडणा नाय," दादा म्हणतात.

दादा माझे थोरले भाऊ. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. मी विधवा होऊन मालवणला माहेरी आले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मरणाला इतका भिणारा माणूस मी पाहिला नाही. काटे म्हणून पेडवे मासे खात नाहीत, होडीत बसत नाहीत, शिंक आली तरी भिंत धरतात. 

दुसरं वेड पेन्शनचं. सरकारने रीत बदलावी, नोकरीत असतानाच प्रत्येकाच्या नावाने वेगळं खातं काढून पैसे साठवावेत, आणि माणूस गेल्यावर उरतील ते त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावेत. "जेचा खाता, तेच्या नावार!" भेटेल त्याला हेच ऐकवायचे. सरकारलाही अर्ज करायचे.

एकदा मासे विकणारी पारू घरापुढच्या खळ्यात बांगड्यांची टोपली उतरवून म्हणाली, "दादानू, बायल नाय, पोरां नाय. उरलेले पैसे कोणाक देतल्यात? ह्या बांगड्यांक?"

मी दाराआड हसले. दादा उठून आत गेले.

पुढे एका अर्जाला उत्तर आलं. ते वाचून दादा ओटीवर बसले ते जेवायलाही उठेनात. माझी शाळा चौथीपर्यंतची. मी अक्षर अक्षर लावून कागद वाचला. निवृत्त माणसाच्या मागे पेन्शन बायकोमुलांना मिळते. अर्जदारास दोन्ही नाहीत. सबब अर्ज नामंजूर, दप्तरी दाखल.

"दादा, तुमका पेन्शन आसा. मगे भंय कसलो?" मी कसंबसं विचारलं.

"माका आसा गो. मी आसय तोपर्यंत. मागसून तुका कोण देतलो? तेंच्या कागदार बहिणीचो रकानोच नाय."

तोवर मला वाटत होतं, ते आपल्या जिवाला भितात. मी त्यांचं ताट वाढून ओटीवरच आणलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा अर्ज लिहिला. खाली पट्टीने एक रकाना आखला, वर 'बहीण' लिहिलं आणि मला सही करायला सांगितलं. लिहायची सवय नाही, नाव रेघेबाहेर गेलं. कागदावर साधा डाग पडला तरी दादा कागद फाडतात. मी डोळे मिटले.

त्यांनी पट्टी घेतली आणि रकाना मोठा केला.