बोका पडला तो घरी

संपादिकाबाई दुसऱ्या दिवशी चहाला येणार, म्हणून बायकोने वरच्या फळीवरचे चांगले कप काढायला सांगितले आणि त्या भानगडीत बोका पडला.

बोका हा सिनेमातला स्टंटमन. नायकाच्या वाट्याचं पडायचं काम तो तीस वर्षं करत होता. गच्चीवरून, पुलावरून, एकदा तर हेलिकॉप्टरमधून, तेही पायलट नवीन असताना. एवढं पडूनही एक हाड मोडलं नाही म्हणून युनिटने त्याला हे नाव दिलेलं. आता हा पराक्रम संपादिकाबाईंच्या विश्वविक्रमांच्या जाडजूड पुस्तकात येणार होता. डाव्या पानावर गोळाफेकीतला विजेता आणि उजव्या पानावर बोका, असं पान लागलंही होतं.

आणि बोका मनगट धरून स्वयंपाकघरात आडवा.

"कप फुटला का?" बायकोने दुधावरची नजर न काढता विचारलं.

"हात मोडलाय."

"मी कपाचं विचारतेय."

कप शाबूत होता.

प्लॅस्टर घालून आल्यावर बोक्याने बायकोला आणि सासूबाईंना कोणाला न सांगण्याची शपथ घातली. तीस वर्षांची कमाई एका स्टुलापायी घालवायला तो तयार नव्हता. पण प्लॅस्टर कुठल्याच शर्टाच्या बाहीत शिरेना. शेवटी कुठल्याशा सिनेमातला खलनायकाचा लांब ओव्हरकोट ट्रंकेतून निघाला.

दुसऱ्या दिवशी उकाड्यात तो कोट घालून बोका सोफ्यावर निथळत बसला.

"बरं नाही का यांना?" संपादिकाबाईंनी विचारलं.

"थंडी सोसत नाही," सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या.

बाईंनी संमतीपत्र पुढे केलं. बोक्याने डाव्या हाताने सही केली. सही कसली, मुंगी शाईत पडून घरी गेल्यासारखी दिसत होती. मग बाईंनी कॅमेरा काढला.

"एक छोटंसं पडून दाखवता का? फोटोपुरतं."

कलावंताला नाही म्हणवत नाही. बोका सोफ्यावरून असा सुरेख पडला की पाहणाऱ्याला वाटावं, माणसाने उभंच का राहावं. फक्त शेवटी फरशीवर ठण्णकन आवाज झाला.

"हे काय वाजलं?"

"हाडं मजबूत आहेत हो जावईबापूंची," सासूबाई म्हणाल्या.

"पुरे झालं आई," बायको म्हणाली आणि तिने कोटाची बाही वर केली.

बाईंनी फाइल मिटली. बोक्याने मान खाली घातली.

"कशावरून पडलात?"

"स्टुलावरून."

बाई निघाल्या आणि दाराशी थबकल्या. परत आल्या. पर्समधून टेप काढून त्यांनी स्टूल मोजलं.

"अकरा इंच. सगळ्यात कमी उंचीवरून पडून हाड मोडण्याचा वेगळा विक्रम आहे आमच्याकडे. सध्या एका दंतवैद्याच्या नावावर आहे. फुटपाथवरून पडले होते. सात इंच."

जन्मभर एक मजला असला की दोन सांगणारा बोका आता खाली यायला लागला.

"मी उतरतच होतो. एक पाय जमिनीवर होता."

"आणि दुसरा?"

"दुसराही," सासूबाई म्हणाल्या. "मी समोरच बसले होते. उतरले, नीट उभे राहिले, कप टेबलावर ठेवला आणि मग पडले. कशावरून ते त्यांनाच ठाऊक."

"पण साक्षीदार यांच्या बाजूचा चालत नाही."

"मी लग्नापासून यांच्या बाजूची नाही. कोणालाही विचारा."

बोक्याने जोरजोरात मान हलवून दुजोरा दिला. बाईंनी उंचीपुढे शून्य लिहिलं.

पुस्तक निघालं तेव्हा बोक्याने युनिटला पेढे वाटले, आणि शून्याच्या खाली आता कोण जातो ते बघू, असं भेटेल त्याला ऐकवलं. महिन्याभरात संपादिकाबाईंचा फोन आला. त्या दंतवैद्याने अंगणात खड्डा खणला होता आणि तो त्यातून वर पडायचा सराव करत होता.