मागच्या डाव्या चाकाचं रहस्य

"जगात दोघांपासून काही लपत नाही," भाऊजी म्हणाले. "एक सूर्य आणि दुसरा मी. त्यातही सूर्य संध्याकाळी घरी जातो. मी जात नाही."

यातला शेवटचा भाग खरा होता. भाऊजी संध्याकाळी घरी न जाता मेव्हण्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात येऊन बसत. वाचनालयात तीस वर्षं पुस्तकांना कव्हरं घालता घालता त्यांनी तिथल्या सगळ्या रहस्यकथा वाचून संपवल्या होत्या. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना भिंग दिलं, ते खरं तर बारीक अक्षर वाचता यावं म्हणून. भाऊजींना वाटलं, नेमणूक झाली.

घड्याळवाला काय बोलणार? सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याला चहा देता येतो, "आता पुरे" म्हणता येत नाही.

पण या रविवारी सकाळी घड्याळवाल्याला खरंच कुणीतरी हवं होतं. भाऊजींशिवाय कुणी असतं तर जास्त बरं झालं असतं, एवढंच.

त्या गल्लीतल्या सहा दुकानदारांची दरवर्षी एक शर्यत व्हायची. प्रत्येकाला सारखा लाकडी ठोकळा, चार छोटी चाकं आणि आसासाठी चार खिळे मिळत. ठोकळा तासून गाडी बनवायची. इंजिन नाही, किल्ली नाही. सभागृहातल्या तीस फुटी लाकडी उतारावर नेऊन सोडून द्यायची, पुढचं पृथ्वी बघून घेते. सगळी विद्या वंगणात. चाक खिळ्यावर जितकं सुळसुळीत, तितकी गाडी पुढे. एरवी मुंगीला वाट देणारी ही माणसं वंगणाचा विषय निघाला की बाह्या सरसावत. कुलूपवाला ग्राफाइटच्या काळ्या भुकटीचा, सायकलवाला तेलाचा, न्हावी टाल्कम पावडरचा. बेकरीवाला दरवर्षी पक्ष बदलायचा.

पहिल्या येणाऱ्याला कप मिळे. शेवटच्याला पितळेची गोगलगाय, आणि ती वर्षभर काउंटरवर ठेवायची असा नियम होता.

गेली तीन वर्षं ती घड्याळवाल्याकडे होती. "मागे पडतंय हो," म्हणून घड्याळ घेऊन आलेलं गिऱ्हाईक काउंटरवरची गोगलगाय बघायचं, पाटी बघायचं, आणि "राहू दे, तशी मला घाई नाही," म्हणून निघून जायचं. बायको म्हणाली होती, "चौथ्यांदा आणलीत ना, तर पाटीवर तिचंच चित्र काढून घ्या. निदान लोकांना बाहेरूनच कळेल."

म्हणून यंदा त्याने महिनाभर खिळे घासले. इतके, की त्यात स्वतःचं नाक दिसू लागलं. चाकांच्या भोकांत चिमूट चिमूट ग्राफाइट भरलं. शनिवारच्या चाचणीत त्याची गाडी पहिली आली. मग सगळ्या गाड्या सभागृहाच्या कपाटात कुलूपबंद झाल्या.

रविवारी सकाळी शेवटची चाचणी. त्याची गाडी अर्ध्या उतारावर आली, काहीतरी विसरल्यासारखी डगमगली आणि थांबली.

शर्यतीला एक तास होता.

"घातपात!" भाऊजी आनंदाने ओरडले. "काल कपाट बंद होण्याआधी मी एक खबरदारी घेतली होती. काय, ते वेळ आली की सांगेन. त्यावरून सिद्ध होतं, की मागच्या डाव्या चाकाला कुणीतरी हात लावलाय. कपाटाची किल्ली कुणी बनवली?"

"मी," कुलूपवाला म्हणाला.

"कबुली! लिहून घे रे."

"अहो, तुमच्या घराचीही मीच बनवली. तीनदा. हरवता तुम्ही."

"म्हणजे माझ्या घरातही शिरायचा बेत होता!"

कुलूपवाल्याने कपाळावर हात मारला आणि आपली भुकटीची नळी घड्याळवाल्यापुढे केली. "हे घे, माझ्यातलं घाल. मी कशाला तुझं वाईट करू?" घड्याळवाल्याने चारही चाकांत भुकटी मारली. गाडी पुन्हा सोडली. ती आधीपेक्षा वीतभर अलीकडे थांबली.

"मग हे वंगणातच काहीतरी आहे," भाऊजी चाकाला भिंग लावून म्हणाले. "काळ्यावर ही चकाकी कसली? तेल! आणि तेल कोणाकडे असतं?"

"भाऊजी, ते तुमचं भिंग चमकतंय," घड्याळवाला म्हणाला.

सायकलवाला मात्र भडकला होता. "माझं तेल? माझं तेल असतं तर गाडी थांबली नसती, दार फोडून रस्त्यावर गेली असती! घाल बघू एक थेंब."

 घड्याळवाल्याने सुईच्या टोकाने प्रत्येक खिळ्यावर थेंब थेंब तेल सोडलं. तेल आणि भुकटी एक झाली आणि आत बुटाचं उत्तम पॉलिश तयार झालं. चाक बोटानेही फिरेना.

"बघितलंत?" भाऊजी म्हणाले. "माझी शंका खरी ठरली."

"कुठली?"

"ते अजून ठरायचंय."

घड्याळवाला चारही चाकं काढून पुसायला बसला. तीन खिळे लखलखीत झाले. मागचं डावं चाक काही निघेना. तेवढ्यात भाऊजींनी न्हाव्याला कोपऱ्यात गाठलं. कपाटाच्या फळीवर त्यांना पांढरी पूड सापडली होती.

"टाल्कम!"

"चुना," न्हावी शांतपणे म्हणाला. "भिंतीचा. तुमच्या पाठीवर सबंध भिंत उमटलीय."

शर्यतीला दहा मिनिटं उरली. घड्याळवाल्याच्या डोळ्यांसमोर गोगलगाय फिरू लागली, आणि तीसुद्धा त्याच्या गाडीपेक्षा भरभर.

"पाय वर घ्या," सभागृह पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांची चाकांची बादली दारात उभी होती. "काय झालं एवढं तोंड पाडायला?"

"घातपात," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला कळायचा नाही."

"चाक अडलंय, एवढंच ना? आत काही गुंतलंय का ते बघा की. माझ्या बादलीला तर दर आठवड्याला होतं." त्यांनी घड्याळवाल्याचा चिमटा घेतला, गाडी उलटी केली, चाक आणि लाकूड यांच्या फटीत चिमटा घातला आणि ओढलं. ओढतच राहिल्या. आतून एक लांबलचक केस निघाला.

 भाऊजींनी त्यावर भिंग धरलं.

"हा माणूस साठीच्या पुढचा," ते जोशात म्हणाले. "डोकं फार चालवणारा, म्हणून केस पिकलेला. टोकाला डिंक, म्हणजे पुस्तकांत वावरलेला. केस एवढा लांब, म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंत टकलावरून नेत असणार. असा माणूस या गल्लीत..."

बोलता बोलता त्यांचा वेग मंदावला. अर्ध्या वाक्यावर येऊन ते डगमगले आणि थांबले.

सहाही दुकानदार त्यांच्या डोक्याकडे बघत होते.

"काल मी तो चाकावर आणि गाडीवर मिळून चिकटवला होता," भाऊजी हळूच म्हणाले. "कुणी चाक फिरवलं तर तुटावा म्हणून. पुस्तकात असंच करतात."

"दाराला चिकटवतात, भाऊजी," घड्याळवाला म्हणाला. "दार उतारावरून पळत नाही."

ते इतके केविलवाणे दिसले, की घड्याळवाल्याला रागवायलाही जमेना. शिवाय वेळ कुठे होता? त्याने शेवटचा खिळा पुसला. तिघं आपापलं वंगण घेऊन पुढे सरसावले. "कोरडी भुकटी, फक्त कोरडी भुकटी!" तो ओरडला. उरलेल्या दोन मिनिटांत बसलं तेवढं ग्राफाइट बसलं.

गाड्या अडवून धरणारी फळी उचलली गेली. सहा गाड्या सुटल्या. न्हाव्याची गाडी कुणाला दिसली न दिसली तोच खाली पोहोचली. सायकलवाला, कुलूपवाला आणि चप्पलवाला एका ओळीत गेले. त्यांच्या मागून घड्याळवाल्याची गाडी डुगडुगत येत होती. अर्धा उतार आला. त्याने डोळे मिटले.

"गेली!" भाऊजी किंचाळले. "मेव्हणेबुवा, अर्धा पार!"

सगळ्यांत मागे बेकरीवाल्याची गाडी होती. त्याने यंदा लोणी लावलं होतं, आणि थंड हवेत लोण्याने जे करायचं तेच केलं होतं.

घड्याळवाल्याने मावशींचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. बादली लवंडली. भाऊजी त्या पाण्यातच उड्या मारू लागले. कुलूपवाला नाचला, सायकलवाला नाचला, बेकरीवाल्यालाही नाचात ओढलं गेलं. न्हावी कप छातीशी धरून बाजूला एकटाच उभा होता.

"अहो," तो शेवटी म्हणाला, "पहिला मी आलोय!"

"हो रे हो, अभिनंदन!" घड्याळवाल्याने त्याला कपासकट मिठी मारली. "पण मी पाचवा!"