सोनूदादांची हरकत

माझ्या लग्नाच्या मांडवाचा एक खांब पंचायतीच्या रस्त्यावर आला, म्हणून सोनूदादा गावकारांनी माझ्याच हातात लेखी हरकत दिली. मी लाटंबार्सेच्या पंचायतीत कारकून. बाशिंग बांधलेल्या अवस्थेत मी पोच दिली, मगच ते पंगतीला बसले आणि खतखतं दोनदा मागून घेतलं.

गोवा घटक राज्य झालं तेव्हा गाव पेढे वाटत होता. दादांचा एकच प्रश्न, "नोटीस खंय लायल्ली?"

गटार, बसथांबा, कुंपण, दादांनी कधी भेदभाव केला नाही. फक्त धाकट्या भावाला, पुंडलीकला, त्यांनी सोडलं होतं. बांधावरून दोघांचा बारा वर्षं अबोला. हरकत घ्यायची तर नाव लिहावं लागतं ना!

मग तालुक्यातून मोठा रस्ता जायचं ठरलं आणि सोबत नियमही बदलला. मोठ्या प्रकल्पांना आता गावात सुनावणी नको. गावाने आपलं मत घरीच ठेवलं की देशाची प्रगती कशी झपाट्याने होते! नकाशा फळ्यावर लागला. रेघ पुंडलीकच्या घरावरून गेली होती, दादांची काजूची बाग शेजारीच सुखरूप. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. तर तो हरकतीचा अर्ज घेऊन हजर!

"दादा, हा घ्यायचा मला आता अधिकारच नाही."

"मागीर आयकता कोण?"

मी छताकडे बोट दाखवलं.

सोमवारी ते देवळात गेले. तिथे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. "बा देवा, रस्तो जावपाचोच जाल्यार म्हज्या काजींतल्यान व्हर. पुंडलीकाचें घर राख."

अशा वेळी मागच्या लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. त्याऐवजी मागून पुंडलीकच बोलला, "दादा, काजी दिवं नाका. त्यो आवयन लायल्यात."

आईने लावलेल्या काजूंसाठी बारा वर्षांतलं पहिलं वाक्य, तेही दादांच्या विरोधात. मला रडू आवरलं नाही.

देवाने ऐकलं असेल, रस्त्याने नाही. घर गेलं. दादा आता आपल्या घराला एक खोली वाढवताहेत. डोंगर कापायला कुणाला विचारावं लागलं नाही, पण ह्या दहा हात खोलीला चारी शेजाऱ्यांच्या सह्या हव्यात. ज्यांना जन्मभर छळलं त्यांच्याच दारात दादा कागद घेऊन उभे राहिले. दुपारपर्यंत सगळ्यांनी सह्या दिल्या.

अर्ज माझ्याकडे आला. ‘बांधकामाचे कारण’ ह्या रकान्यात दादांनी लिहिलं होतं, ‘धाकटा भाऊ घरी आला आहे.’