उर्वीची अनधिकृत घट

सातवी 'ब'मधल्या उर्वी मढवीचं वजन ऑक्टोबरात तीन किलो दोनशे ग्रॅमने कमी झालं. असं काहीही घडलेलं नाही, असं शाळेने नंतर लेखी कळवलं आहे, आणि शाळेच्या शिक्क्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नाही. तेव्हा ही न घडलेली गोष्ट सुरुवातीपासून बघू.

जूनमध्ये ठाण्यातल्या कोलशेतच्या त्या शाळेत 'हलकंफुलकं बालपण' अभियान सुरू झालं. पाहुणे दोन तास उशिरा आले. 'मी रोज धावेन' ही शपथ मुलांनी बसून घेतली, कारण ती उभी राहिली की मागच्या फोटोवाल्याला बॅनर दिसेना. मग वजनं झाली आणि अकरा मुलांचा 'विशेष लक्ष गट' निघाला. उर्वी त्यात पहिली. कुठल्याही यादीत पहिलं यायची तिची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ती घरी सांगायला जवळजवळ धावत गेली.

गटाला आठवड्यातून दोन तास द्यायचे होते. गणिताने दिला नाही, विज्ञानाने दिला नाही, इंग्रजीचा तर पोर्शनच मागे होता. खेळाचा तास तेवढा कुणाचाच नसल्यासारखा पडला होता. तो घेतला. आता बाकीची शाळा मैदानात गेली की ही अकरा मुलं हॉलमध्ये खुर्च्यांवर बसायची आणि अभियानाच्या ऋतिका मॅडम त्यांना 'बैठ्या जीवनशैलीचे धोके' पडद्यावर दाखवायच्या. मध्ये पौष्टिक बिस्किटांचा पुडा मिळायचा. तो संपवणं सक्तीचं होतं. बिस्किटांचा वापर-अहवाल वर जायचा.

उर्वीचं याबद्दल फारसं काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं एकच होतं : कबड्डी. ती डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा तिच्या हातात सापडला की ती पोरगी थेट घरीच जायची. डिसेंबरात मोहने गावी शाळांच्या स्पर्धा होत्या आणि गेल्या वर्षी शाळा दोन गुणांनी हरली होती, तेव्हापासून उर्वीने दिवस मोजायला घेतले होते.

"तुला नाही घेता येणार गं," खेळाचे सखाराम सर म्हणाले. "विशेष गटातल्यांना तंदुरुस्ती दाखला लागतो."

"दाखला कधी मिळतो?"

"वजन कमी झाल्यावर."

"मग खेळू द्या ना सर, होईल कमी!"

"दाखल्याशिवाय कसं खेळू देऊ?" सर म्हणाले. त्यांना स्वतःलाही यात काहीतरी गोल फिरतंय असं वाटलं, पण परिपत्रक चौकोनी होतं.

मग उर्वीने आपल्यापुरता मार्ग काढला. आजोबा काळुराम यांच्या चाळींमागे खाडीकडे मोकळी जमीन आहे. तिथे ती गावातल्या पोरींबरोबर रोज संध्याकाळी कबड्डी खेळू लागली. चार महिने खेळली.

ऑक्टोबरात फेरतपासणी झाली. ऋतिका मॅडमनी तिला काट्यावर चढवलं, उतरवलं, परत चढवलं. मग स्वतः चढून बघितलं आणि घाईने उतरल्या. काटा बरोबर होता.

"हे कशाने झालं?"

"खेळून, मॅडम."

"खेळून हा पर्याय नाहीये. हे बघ, व्याख्यान, पोस्टर, प्रश्नमंजुषा, शपथ. यातलं कशाने?"

"कशानेच नाही. मी संध्याकाळी आजोबांच्या इथे..."

"शपथ लिहू?"

"शपथ मी घेतलीच नव्हती. माझ्यासमोर बॅनरचा बांबू होता."

गटातल्या बाकीच्या दहा मुलांचं वजन सरासरी दीड किलो वाढलं होतं. त्याची काही अडचण नव्हती. 'वाढीचा वेग समाधानकारक' असं लिहून ते प्रकरण मिटलं. प्रश्न उरला उर्वीच्या तीन किलोंचा. ते अभियान चालू असताना गेले होते, पण अभियानामुळे गेले नव्हते. मुख्याध्यापिका विनिता मॅडम ठाण्यात तीस वर्षं राहिलेल्या. त्यांना शब्द शोधावा लागला नाही.

"अनधिकृत घट," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत हजर झाले. या शब्दाला काळुराम घाबरणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांच्या चार चाळी याच शब्दाखाली कित्येक वर्षं सुखाने नांदल्या होत्या.

"बाय, आमच्या चार चाली अनधिकृत व्हत्या. दंड भरला, रेग्युलर झाल्या. पोरीचे तीन किलो पन रेग्युलर करा. दंड किती त्यो सांगा."

"काका, बांधकामाचं धोरण आहे. वजनाचं नाहीये."

"धोरन नाय? मंग पाडायची नोटीस तरी द्या. तिच्यावर स्टे आनतो."

"पाडणार काय काका? ते ऑलरेडी गेलंय!"

अडचण खरी होती. अनधिकृत वाढ पाडता येते. अनधिकृत घट पाडायची कशी? विनिता मॅडमनी चष्मा पुसला, अभियानाची पुस्तिका दोनदा चाळली आणि तिसऱ्या दिवशी पत्र दिलं : 'सदर घट अभिलेखात आढळून येत नाही. तरी विद्यार्थिनीने तीस दिवसांत मूळ वजन पूर्ववत करावे. तदनंतर ते अभियानामार्फत रीतसर कमी झाल्यास, अथवा होण्याची तयारी दिसल्यास, दाखल्याचा विचार करता येईल.'

"आजोबा, परत वाढवू?" उर्वीने रिक्षात विचारलं.

"कागुद पायजे ना तुला?"

"पण मग मोहन्याला मी खेळणार ना?"

"खेलशील गो," आजोबा म्हणाले आणि रिक्षाबाहेर बघू लागले. कागदांच्या बाबतीत त्यांनी इतकं थोडक्यात उत्तर आयुष्यात दिलं नव्हतं.

घरी आजी कमळाबाईंना मात्र पत्राचा मनापासून आनंद झाला. नात वाळत चालली आहे, हे त्या चार महिने सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. आता त्यांच्या बाजूने शाळेचा शिक्का होता. त्यांनी पत्र डब्यांच्या फळीशेजारी खिळ्याला अडकवलं. तांदळाच्या भाकऱ्या एकीच्या तीन झाल्या. त्यात दिवाळी आली. उर्वी नको म्हणाली की आजी खिळ्याकडे बोट दाखवायच्या. "मी नाय सांगत गो, शाला सांगतेय."

सगळ्यात वाईट म्हणजे महिनाभर कबड्डी बंद ठेवावी लागली. उर्वी चाळीच्या पायरीवर बसून करंज्या खायची आणि समोर पोरी खेळताना बघायची. कुणी घोटा सोडला की तिचा घास अडकायचा.

तिसाव्या दिवशी वजन झालं. तीन किलो नऊशे ग्रॅम वाढ.

"मंजूर होती तीन-दोनशे," ऋतिका मॅडम म्हणाल्या. "वरचे सातशे कशाचे?"

"करंज्यांचे, मॅडम."

"हे वाढीव झालं गं. याला वेगळी मंजुरी लागणार."

"मग दाखला?"

"प्रकरण वर पाठवते ना. होईल."

प्रकरण वर गेलं. वर गेलेलं खाली यायला लागणारा वेळ आणि मोहन्याची स्पर्धा यांच्यात स्पर्धा आधी आली.

उर्वी मोहन्याला गेली. शाळेच्याच बसने गेली, टोपी घालून गेली. अभियानाने तिची 'आदर्श लाभार्थी' म्हणून निवड केली होती, कारण तिच्या फाइलला सगळ्यात जास्त कागद होते. मैदानाच्या कडेला स्टॉल होता. तिथे खुर्चीवर बसून 'खेळा, निरोगी राहा' हा फलक तिने सकाळी नऊ ते पाच धरायचा होता.

उर्वीच्या जागी डाव्या कोपऱ्यात वर्गातली ऐश्वर्या उभी होती. तिच्याकडे दाखला होता. कबड्डी ती परवापासून खेळत होती. समोरच्या शाळेला हे दुसऱ्या चढाईत कळलं आणि पुढच्या सगळ्या चढाया डावीकडून झाल्या.

"घोटा! ऐशू, घोटा धर!" उर्वी ओरडली.

"लाभार्थीने बसून राहायचंय," ऋतिका मॅडम हळूच म्हणाल्या.

शेवटच्या चढाईला कोपरा पुन्हा मोकळा पडला. उर्वीच्या मुठी आपोआप आवळल्या आणि फलकाची काठी मधोमध मोडली. शाळा दोन गुणांनी हरली. काठीची नोंद नुकसानीत झाली.

स्टॉलवर एक पालक आले होते. "किती चांगला उपक्रम आहे ना!" म्हणत त्यांनी अर्ध्या काठीवरच्या फलकासह उर्वीचा फोटो काढला आणि मग मैदानाकडे निघालेल्या आपल्या मुलाला हाक मारली, "अरे, पळू नकोस! घाम येईल, नंतर क्लासला जायचंय."

त्या संध्याकाळी उर्वी पायरीवर बसून होती. आजोबांनी आतून चष्मा आणि कोरे कागद आणले. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. त्यांनी सांगितलं, उर्वीने शाळेच्या मराठीत लिहून काढलं :

'विषय : आठवड्यातून एक तास पळू देणेबाबत.

महोदया, मला खेळाच्या तासाला खेळू द्यावे, ही विनंती. खेळताना वजन कमी झाल्यास ते शपथेने कमी झाले असे लिहिण्यास माझी हरकत नाही. शपथ मी नव्याने, बॅनरच्या पुढे बसून घेईन. वरचे सातशे ग्रॅम आपण म्हणाल त्या तारखेला जमा करीन.

प्रत माहितीसाठी : सर्व पालक. वाचून झाले असल्यास आपल्या पाल्यास आज संध्याकाळी खाली खेळायला सोडावे. आज क्लास असल्यास उद्या सोडावे. उद्याही असल्यास हा अर्ज फाइलला लावून पोच द्यावी, ही नम्र विनंती.'