मत मागे घेणारे शेवडेकाका

लोक उसनी नेलेली वाटी परत द्यायला येतात. आमचे शेवडेकाका स्वतःचं मत परत न्यायला येतात.

रविवारी सकाळी बरोबर दहा वाजता, इस्त्रीचा सदरा घालून, लुना लांब लावून ते तुमच्या दारात उभे राहतात. "या, बसा" म्हटलं तर बसत नाहीत. चहा विचारलात तर म्हणतात, "मत मागे घ्यायला आलोय, चहा प्यायला नाही." मग घसा साफ करून : "गेल्या दिवाळीनंतर आपल्याबद्दल माझं असं असं मत झालं होतं. ते मी आजपासून मागे घेत आहे. येतो." की निघाले. आपण चपला शोधून जिन्यापर्यंत येईतो लुना कोपऱ्यावर पोचलेली असते.

ही सगळी मतं आमच्या क्लबाच्या बास्केटबॉल संघाबद्दलची. सदाशिव पेठेतल्या आमच्या सिमेंटच्या कोर्टाला एका बाजूला पाच पायऱ्या आहेत. त्यातली तिसरी पायरी काकांची. तिथे बसून त्यांनी बत्तीस वर्षं मतं दिली. आमच्या संघाचे चार दिवस खरोखर चांगले होते तेव्हाही दिली; मग त्या संघातले चौघे पाठोपाठ सॉफ्टवेअरमध्ये शिरले आणि चार देशांत पांगले, तेव्हा तर जास्तच दिली. परांडेसरांनी, म्हणजे आमच्या कोचने, उरलंसुरलं गोळा करून नवा संघ बांधायला घेतला, त्याच्या पहिल्याच सामन्यानंतर काका पायरीवरून उठून म्हणाले, "परांडे, हा संघ नव्हे. ही रेशनची रांग आहे. एकमेकांच्या मागे उभे आहेत, एवढंच."

आमच्या सहा फूट चार इंच उंचीच्या खेळाडूबद्दल : "इमारत उत्तम. वरच्या मजल्यावर भाडेकरू नाही." एका चपळ पोराबद्दल : "हा चेंडू मागतो, आणि मिळाला की पत्ता विचारतो." मीही दोन वर्षं खेळलो होतो. माझ्याबद्दल : "बाकावर छान बसतो." हे मत त्यांनी अद्याप मागे घेतलेलं नाही. त्यांचा काटेकोरपणा माहीत असल्यामुळे मीही आता ते बरोबरच असावं असं धरून चालतो.

खेळ सुटल्यावर मी क्लबाचा चिटणीस झालो. चिटणीस म्हणजे चेंडूत हवा भरायची, गुणांची वही सांभाळायची आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. यात काकांनी परस्पर आणखी एक काम जोडलं : साक्षीदार. "मत चारचौघांत दिलं होतं. मागे घेताना निदान एक तरी माणूस हवा," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे बँकेत सहा दिवस काम केल्यावर सातव्या दिवशी मी काकांच्या लुनामागे स्कूटर घेऊन कोणाच्या तरी जिन्यात उभा असे.

तीन वर्षांत रांगेचा खरोखरच संघ होत गेला. तसतशी काकांची मतं एकेक करून परत आली. उरला गजभिये.

सिद्धार्थ गजभिये नागपूरचा. हिंजवडीला कंपनीत, आणि आमच्याच गल्लीत तिघांबरोबर खोली करून राहायचा. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की पाठीवरच्या पिशवीसकट थेट कोर्टावर. त्याच्याबद्दल काकांनी पहिल्या वर्षी म्हटलं होतं, "बसमधून उतरला, पण अजून खिडकीपाशीच बसलाय." गेल्या दोन सामन्यांत मात्र या गजभियेने समोरच्या संघाचा सर्वांत चांगला खेळाडू असा काही धरला की त्या बिचाऱ्याला पाणी प्यायलासुद्धा त्याच्या परवानगीने जावं लागलं असतं. आता शेवटचा सामना. जिंकलो तर 'अ' गटात राहणार, हरलो तर खाली. आणि तो सामना गजभियेशिवाय जिंकणं शक्य नव्हतं, हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं.

त्या सामन्याच्या आदल्या रविवारी काका म्हणाले, "चला. गजभिये राहिलाय."

खोलीत तिघे मित्र पोहे खात होते, गजभिये दाढी करत होता. काका सुरू झाले, "दोन वर्षांपूर्वी तुमच्याबद्दल माझं मत असं होतं की..." आणि अडले. नेमके शब्द आठवेनात. काकांना अंदाजे चालत नाही. मग मी, कर्तव्यदक्ष साक्षीदार, पुढे झालो आणि तो बस-खिडकीचा शेरा जसाच्या तसा सांगितला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? मी म्हटलं, "आणखी दोन होते ना काका?" आणि तेही सांगितले. मित्रांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या.

गजभिये साबण लावलेल्या गालाने काकांकडे बघत राहिला. "हे माझ्याबद्दल म्हटलं होतं काय जी?"

काका म्हणाले, "म्हणजे? आपल्या कानावर नव्हतं?"

"कसं असणार? मी तर समजून राहिलो होतो, का पुण्यात हे एकच काका आहेत जे माझ्यासाठी टाळ्या वाजवतात."

टाळ्या काका वाजवायचे हे खरं. पण त्या कोणत्या प्रकारच्या टाळ्या, हे कळायला माणूस पुण्यात जन्मावा लागतो.

"ते मत मी आजपासून मागे घेत आहे," काका कसेबसे म्हणाले. "येतो" म्हणायला विसरले.

मंगळवारी गजभिये प्रॅक्टिसला आला नाही. बुधवारीही नाही. "ऑफिसात काम आहे," असा निरोप. परांडेसरांनी मला धारेवर धरलं, मग काकांना. "काका, तुम्हाला मागे घ्यायला सांगितलं होतं कोणी? एवढे दिवस ठेवलंत, आणखी आठ दिवस ठेवायचं होतं की आपल्यापाशी!"

"चुकीचं मत मी घरात ठेवत नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "त्याची दोन मतं अजून मागे घ्यायची राहिलीत. उद्या रजा टाका. हिंजवडीला जायचंय."

"काका, तो भेटेलच असं नाही."

"तर परवा जाऊ. परवा नाही तर तेरवा."

गुरुवारी दोन बस बदलून आम्ही हिंजवडीला उतरलो. काचेच्या इमारती, रांगेने उभ्या कंपनीच्या बस आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं. फाटकावरचा रखवालदार त्याच गावचा असावा. त्याने वही पुढे सरकवली.

"काम काय हाय?"

"मत मागे घ्यायचंय," काका म्हणाले.

त्याने मान वर केली. "म्हंजी काय सामान हाय?"

"सामान नाही हो. मत."

"न्हाई, हितनं काय बी भायेर न्यायचं तर पास लागतो. म्हून इचारलं."

काकांनी वहीत 'भेटीचे कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं : 'मत मागे घेणे (दोन).' तिघंही समाधान पावलो. आत मात्र सोडलं नाहीच. दीड तास आम्ही समोरच्या चहाच्या टपरीपाशी उन्हात उभे. मी तीन वेळा म्हटलं, "काका, परत जाऊ या." काकांनी ते ऐकलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत गजभिये बाहेर आला. आम्हाला बघून थबकला, आणि धावतच रस्ता ओलांडून आला.

"एवढ्या उन्हात कायले आले काका? मी रागावलो नाही. वाईट वाटलं, बस." मग जरा थांबून म्हणाला, "पण एक सांगा. मला माहीतच नव्हतं, तर मला सांगायचं कशाला? मनातल्या मनात घेतलं असतं मागे."

काका टपरीच्या बाकावर बसले. इतक्या वर्षांत मत मागे घेताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मनातल्या मनात जमत नाही," ते म्हणाले. "आमच्या हिला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण मी कोर्टावरून घरी जाऊन काही म्हटलं, की भाजी निवडता निवडता म्हणायची, 'चूक.' एवढंच. मान वर न करता. मग मी तासभर भांडायचो, आणि दुसऱ्या दिवशी गपचूप मत बदलायचो. आता मी जे म्हणतो ते तसंच राहतं. चार चार दिवस घरात तसंच पडून असतं. शेवटी ज्याचं त्याच्याकडे जाऊन उचलावं लागतं."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या रविवारी काका मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले, त्यालाही तीन वर्षंच झाली होती. बँकेत दिवसभर तारखा जुळवणाऱ्या मला हे कधी जुळवता आलं नव्हतं.

गजभियेने टपरीवाल्याला तीन बोटं दाखवली. चहाचे तीन ग्लास आले. त्याने अर्धा संपवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, रविवारी बचाव कसा करावा? प्रत्येकानं आपली जागा धरून उभं राहावं का?"

"मुळीच नाही!" काका एकदम ताठ झाले. "प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा. जागा कसल्या धरता? लग्नाची पंगत आहे?"

"चूक," गजभिये म्हणाला.

काकांनी ग्लास खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"चूक म्हटलं. त्यांचे पोरं वेगानं भारी आहेत. माणूस धरून राहू तर दहा मिनिटांत आम्ही बसून जाऊ."

"अहो, बत्तीस वर्षं बघतोय मी!"

"बत्तीस वर्षं चूक बघून राहिले मग."

मी घाईघाईने चहाचे पैसे काढले. पण काका बाकावर सरकले, शेजारी जागा केली आणि म्हणाले, "बसा इथे. बसा. तुम्हाला मुळापासून सांगायला हवं."

सुट्टी संपून गेली. गजभिये पळत फाटकापर्यंत गेला, तिथून वळून ओरडला, "चूकच आहे काका!" रखवालदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

रविवारी आम्ही जागा धरून खेळलो. शेवटच्या मिनिटाला एका गुणाने मागे होतो. गजभियेने समोरच्याच्या हातातला चेंडू काढला, अख्खं कोर्ट ओलांडलं आणि बास्केट केली. शिट्टी झाली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, परांडेसर कधी नव्हे ते रडले. मी तिसऱ्या पायरीकडे धावलो. काका माझ्या गुणांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

"काका, जिंकलो! 'अ' गटात राहिलो! पाहिलंत का?"

"थांबा हो जरा," मान वर न करता ते म्हणाले. "संध्याकाळी तो घरी येतोय भांडायला. माझे अजून दोनच मुद्दे झालेत."