हात खाली सोडून

मालटनच्या ‘ब्लू बोअर’ पबात, शेगडीजवळच्या बाकावरून म्हातारा अ‍ॅम्ब्रोज आधीच बजावतो की ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही. ज्याला वाटेल त्यानं डोकं तपासून घ्यावं. मग रिकामा पेला पुढे सरकवतो, आणि तो भरून मिळाला की सुरू होतो.

त्याच्या तरुणपणी गावातला सगळ्यांत हलका माणूस म्हणजे ईनॉक सग्डेन शिंपी. वजन हलकं, काळीज त्याहून हलकं. समोरून घोडा आला की तो गल्ली बदलायचा. आणि नेमक्या शर्यतीच्या सकाळी जमीनदार व्हॅरमसाहेबांचा स्वार शिळे मासे खाऊन आडवा झाला. साहेबांनी तर भर चौकात पैज मारलेली: आपला घोडा हरला तर आपल्या मालकीचा हाच ‘ब्लू बोअर’ गिरणीवाल्या क्राउदरचा. क्राउदर चहापलीकडे कशाला शिवत नसे. पबाचं प्रार्थनाघर करायचं, हेही त्यानं जाहीर करून टाकलं होतं.

अख्खं गाव ईनॉकच्या दारात उभं राहिलं. “अहो साहेब, मी शिंपी माणूस,” तो काकुळतीला आला.

“मग? तिथंही बसायचंच आहे,” साहेब म्हणाले. “तू जन्मभर दुसरं काय केलंस?”

घोड्याचं नाव पार्सन, म्हणजे पाद्री, पण त्यानं दोन मोतद्दारांचे कान चावले होते. ईनॉकला कसंबसं वर चढवलं. हरलो तर गाव सोडणार नाही आणि पडलो तर घोडा सोडणार नाही, एवढंच त्याला कळत होतं.

निशाण पडलं. पार्सन उधळला. ईनॉकच्या हातून लगाम सुटला. घोड्याच्या मानेभोवतीचा पट्टा त्यानं दोन्ही मुठींनी आवळला आणि डोळे मिटले. आपल्या मयताला कोण कोण येईल हे तो मोजू लागला. त्यात क्राउदर चहा पीत उभा दिसला. इकडे पार्सनचं तोंड जन्मात पहिल्यांदाच कोणी ओढत नव्हतं. तो खुशीत आला आणि सगळ्यांना मागे टाकत निघाला.

शेवटच्या टप्प्यात बाकीचे स्वार हात झोडत, चाबूक ओढत घोडे रेटत होते. तिथे लगाम सैल करून हात खाली सोडतो तो फक्त जिंकल्याची खात्री असलेला पट्टीचा स्वार. लोक बघतच राहिले. शिंप्याचे हात खाली!

जिंकला. पण खरी भीती पुढेच होती. स्वारानं आपणहून उतरून वजनासाठी तराजूत बसायचं असा रिवाज. त्याआधी कोणी बोट लावलं की शर्यत बाद. आणि ईनॉकच्या मुठी काही केल्या उघडेनात. क्राउदर घोड्याभोवती फेऱ्या मारू लागला.

“हा उतरत का नाही?” त्यानं विचारलं.

“उतरतो की,” ईनॉक दातखिळीतून कसाबसा बोलला. “घाई कसली?”

गर्दीत कौतुकाची कुजबुज झाली. काय थंड डोक्याचा गडी! साहेबांना मात्र घाम फुटला. इतक्यात क्राउदरबाई तराजूपाशी आल्या. त्यांच्या टोपीवर वाळल्या गवताची केलेली फुलं होती. पार्सननं ती खायला मान खाली घातली, पट्टा कानांवरून निसटला, आणि ईनॉक पट्ट्यासकट घरंगळत थेट पारड्यात जाऊन बसला. काटा बरोबर आला. पब वाचला.

त्या संध्याकाळी पैजा घेणारे म्हणू लागले, ‘शिंप्यानं शर्यत हात खाली सोडून मारली,’ म्हणजे अगदी सहज. आठवड्याभरात पाद्रीबाईंचा मुरंबा जत्रेत हात खाली सोडून पहिला आला. पुढे तर घोड्याचं शेपूटही न पाहिलेले लोक निवडणुका हात खाली सोडून जिंकू लागले. ईनॉकला कोणी विचारलं तर तो नुसता हसायचा, आणि लगेच गल्ली बदलायचा.

इथे खरं तर गोष्ट संपते. पण पेल्यात थोडी उरली होती, म्हणून अ‍ॅम्ब्रोजनं पुढे जोडलं की जिंकायच्या खांबाशी ईनॉकनं क्राउदरकडे बघून अशी काही ऐटीत टोपी उचलली, की त्या माणसाच्या हातातला चहा सांडला.

मालकीण केझाया पेले पुसत होती. ती थांबली.

“आजोबा, दोन्ही हात पट्ट्याला चिकटलेले ना? मग टोपी कोणी उचलली, घोड्यानं?”