कपभर मैद्याचं वजन

"मोजमापात मला कुणी शिकवायचं नाही!" काटेसाहेबांनी फोनवर मुलीला ठणकावलं, आणि तिथेच घात झाला.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात वजनमाप खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, म्हणून लोकांनी ठेवलेलं. आता ते निवृत्त झाले होते, बायको जाऊन वर्ष उलटलं होतं आणि घरात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. रविवारी मुलगी येणार म्हटल्यावर त्यांनी केकचा घाट घातला. केक असला तर पोरगी जेवून लगेच पळणार नाही, संध्याकाळपर्यंत थांबेल, एवढाच डाव!

"बाबा, मैदा दोन कप. कपानंच मोजा."

"कप हे काय माप आहे? दाबून भरला तर जास्त, सैल भरला तर कमी! मी वजन करणार. कपात किती मिली मावतं, तेवढं सांग."

"दोनशे चाळीस. पण बाबा, ऐका तरी..."

"झालं तर! कपाला दोनशे चाळीस ग्रॅम, दोन कपांचे चारशे ऐंशी!"

फोन ठेवला. मैदा काट्यावर तोलला, अगदी चिमटीचाही फरक नाही! पण कालवायला घेतलं तर चमचा गवंड्याच्या थापीसारखा रुतून बसला. त्यांनी दूध ओतलं. मग पीठ अगोड लागलं म्हणून साखर. मग ते वाहायला लागलं म्हणून आणखी मैदा, तोही तोलून! पातेलं भरलं, मग कुकर भरला, शेवटी कपडे भिजवायची बादली घासूनपुसून हाताशी आली. ओव्हनमध्ये एकामागून एक घाणे लागले.

तेवढ्यात मुलीचा फोन. "बाबा, आज नाही हो जमत. पुढच्या महिन्यात नक्की येते. रागावलात?"

"छे गं! मी कुठे काय केलंय!" काटेसाहेब म्हणाले. त्यांच्या कोपरापर्यंत मैदा होता.

मग त्यांनी हात धुतले. ओट्यावर, टेबलावर, खिडकीत केकच केक, आणि खाणारं तोंड एक. शेवटी एक केक ताटात घेऊन त्यांनी समोरच्या दाराची बेल दाबली. पाळीवरून नुकत्याच आलेल्या नर्सबाईंनी दार उघडलं.

"मी काही मागवलं नाही हो, भाऊ."

"अहो, मी समोरच राहतो!"

"समोर? ते घर रिकामं आहे ना?"

 काटेसाहेबांनी ताट पुढे केलं. बाईंनी एक तुकडा मोडायला घेतला, तो दोन्ही हातांनी मोडावा लागला. चावता चावता त्यांनी विचारलं, "मैदा किती घातला होतात?"

त्यांनी हिशेब सांगितला. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

"अहो, तेवढं वजन पाण्याचं! मैदा हलका असतो, कपात जेमतेम सव्वाशे ग्रॅम बसतो! तुम्ही दुप्पट घातलात!"

काटेसाहेबांचा चेहरा एवढासा झाला. ते ताट उचलायला लागले.

"राहू दे. बसा, चहा टाकते. बुडवून खाऊ."

चहा आला. काटेसाहेबांनी तुकडा बुडवला आणि तो दगडासारखा सरळ तळाशी गेला. दोघांनी वाकून कपात पाहिलं.

"मऊ व्हायला वेळ लागेल हो," बाई म्हणाल्या.

"लागू दे की," काटेसाहेब म्हणाले, "मला कुठे जायचंय!"